डोळे मिटल्यावर उरलेला चेहरा

सोपान रणपिसे मला पहिल्यांदा दिसला तो पाठमोरा. कराडच्या एसटी स्टँडसमोर एका सायकल दुकानाची पाटी तो शिडीवर उभा राहून रंगवत होता. एकाहत्तर सालची गोष्ट. मी थांबलो तो पाटीसाठी नव्हे. दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने एका मंत्र्याचं तोंड काढलं होतं आणि त्याच्यापुढे चार-पाच माणसं उभी राहून हसत होती. नाव लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. सगळी हनुवटीच होती. डोळे, नाक, टोपी हे तिच्यावर कसंबसं बसवलेलं.

"कुणी काढलं हे?" मी विचारलं.

"मीच," शिडीवरून आवाज आला. "पुसू का?"

"पुसू नका. काम झालं की छापखान्यात या."

मी तेव्हा 'टेहळणी' नावाचं साप्ताहिक चालवत होतो. चार पानं, दर गुरुवारी. घरचा ऊस होता म्हणून हा उद्योग निभावला. कुस्त्यांचे निकाल, कारखान्याच्या सभा, जत्रांच्या तारखा असा आमचा मजकूर. त्यात एखादं हसवणारं चित्र असावं असं फार दिवस मनात होतं.

सोपान सांजेला आला. तिशीचा, काटकुळा, नखांत निळा रंग बसलेला. विट्याकडच्या एका गावचा. वडील पलटणीत होते. छप्पन्न साली घराने दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव नदीला गेले, आणि मोकळ्या झालेल्या त्या भिंतीवर शाळकरी सोपानने कोळशाने गावातली सगळी तोंडं काढली. वडिलांनी मारलं नाही. तपासणीला आल्यासारखे भिंतीपुढे उभे राहिले आणि एकेका तोंडाचं नाव घेत गेले. हे त्यानेच मला सांगितलं. पुढे तो कराडला आला, ट्रकच्या पाठीमागे नावं आणि मोर रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली शिकला, आणि पेठेत एक खोली घेऊन राहिला. बायको सुलाबाई शिराळ्याकडची. ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. त्यांना मूल नव्हतं.

"काय मोठं करायचं ते ठरवता कसं?" मी विचारलं.

"ठरवत न्हाई, नानासो. माणसाकडं बघायचं आन् डोळं मिटायचं. सगळं पुसून जातंय, पर एक कायतरी मागं ऱ्हातं. कुणाचं नाक, कुणाचा व्हट. तेवढंच मोठं काढायचं. बाकीचं आपसूक येतंय."

"मग माझं काय राहतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. "कान," तो म्हणाला. त्या दिवसापासून दाढी करताना मी कान बघायला लागलो.

पहिलं चित्र आम्ही छापलं बिराप्पा पैलवानाचं. बिराप्पा म्हणजे म्हसवडकडचा गडी, सातारा-सांगलीत त्याच्या नावावर मैदान भरायचं. त्याची मान प्रसिद्ध होती. खांद्यावर डोकं थेट ठेवल्यासारखी. आता कुणीही चित्र काढलं असतं तर मान काढली असती. सोपानने मान साधीच ठेवली आणि डावी पापणी काढली. अर्ध्या तोंडावर ती दुकानाच्या फळीसारखी खाली आलेली होती.

"ही पापणी कुठून आणली?" मी म्हणालो.

"तीच ऱ्हायली मागं."

मला ते पटलं नाही, पण छपाईचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यायला चित्र कोल्हापूरला पाठवलं, छापलं, आणि बिराप्पाला न ओळखणारा एक माणूस निघाला नाही. बिराप्पानेही हसत दोन अंक मागवून घेतले. पाच महिन्यांनी सांगलीच्या मैदानात, कुस्ती रंगात आलेली असताना, त्याने मध्येच हात सोडले आणि डोळा धरून बसला. डावी पापणी खाली आली होती. ती पुन्हा पुरती वर गेली नाही. त्यानंतर एका लग्नात मी त्याला पाहिलं. तो एका बोटाने पापणी उचलून धरून माझ्याशी बोलला. मला समोर माणूस दिसत नव्हता, आमच्या अंकाचं तिसरं पान दिसत होतं.

मी ते योगायोग म्हणून सोडून दिलं.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात आम्ही लालासाहेब जगदाळ्यांचं चित्र छापलं. हे आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचे चेअरमन. मिश्या अशा की शाळेच्या नाटकांतली पोरंसुद्धा तशा लावायची. सोपानने मिशी दोन रेघांत उरकली आणि गळा काढला. कॉलरच्या वर, उजव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ; जणू काहीतरी गिळताना अडकलंय आणि साहेब तरी भाषण करताहेत. लालासाहेब खुशमिजास माणूस. "जनतेचं दुःख गळ्यात अडकलंय म्हणा की," असं म्हणून त्यांनी ते चित्र कचेरीत लावलं. पुढल्या वर्षी ते मिरजेला भरती झाले. मी भेटायला गेलो तेव्हा उशीवर मान डावीकडे कलती होती, कारण उजवीकडे ती कलू शकत नव्हती. आठ दिवसांनी त्यांची बातमी मला काळ्या चौकटीत छापावी लागली.

तेव्हापासून कराडात कुजबुज सुरू झाली. माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं, पण सोपान चहाच्या दुकानात शिरला की समोरच्या बाकावरचा माणूस पेपर तोंडापुढे धरायचा.

तिसरं चित्र नाथाजीबुवांचं. उंब्रजच्या बाजूचे भजनी बुवा, आवाज असा की पाच गावांतून माणसं यायची. पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी लागली, मंत्र्या-पुढाऱ्यांची चित्रं छापायची सोय राहिली नाही, म्हणून मीच सोपानला म्हणालो, बुवांचं काढा, त्याला कोण काय म्हणणार. त्याने काढलं. गाल टरटरून फुगलेले, ओठ बाहेर आलेले, डोळे अर्धे मिटून खाली पांढरी रेघ, केस कपाळाला चिकटलेले. आम्ही सगळे हसलो. बुवांनी वरचा सूर लावलाय असं आम्हाला वाटलं.

भाद्रपदात बुवा कृष्णा-कोयनेच्या संगमावर अंघोळीला उतरले आणि वर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या अंगाला, बाभळीच्या बुंध्याला अडकलेले सापडले. बातमीसाठी मी तिथे गेलो होतो. त्यांना काठावर ओढून उताणं केलं, आणि गर्दीतून एक बाई मोठ्याने म्हणाली, "आगं बया, पेपरातलं!" मी मागे सरलो. गाल, ओठ, पांढरी रेघ, चिकटलेले केस. एकही रेघ इकडची तिकडे नव्हती.

मी तसाच सोपानच्या खोलीवर गेलो. त्याला कळलं होतं. तो कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि सुलाबाई चुलीपुढे, त्याच्याकडे पाठ करून.

"नानासो, आता मी काढायचा न्हाई," तो म्हणाला. "पाट्या रंगवीन. अक्षरांला तोंड नसतंय."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

त्यानंतरचं वर्ष त्याला वाईट गेलं. तो रस्त्याने चालला की बाया पदर तोंडावर ओढायच्या, पुरुष टॉवेल. पाटीचं काम सांगायला येणारा दुकानदार बाजूला बघत बोलायचा. सोपानही मान खाली घालूनच चालायला लागला. कुणाकडे चुकून बघितलं आणि डोळे मिटले गेले तर, या धाकाने. त्याहून वाईट म्हणजे दुसरीच माणसं यायला लागली. एक पाव्हणा भावाचा फोटो घेऊन आला. मी तिथेच होतो. फोटो पुढे सरकवून तो हळूच म्हणाला, "ह्याच्या छातीचं कायतरी काढा, पेंटर."

सोपानने फोटो पालथा करून परत दिला. "मी घालत न्हाई, पाव्हणं. मला दिसतंय, ते काढतो."

माणूस गेल्यावर सोपानने रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. मग मला म्हणाला, "मी घालत नसंन न्हवं, नानासो? तुमाला काय वाटतंय?"

मी पाटीच्या रंगाचं विचारलं.

शहात्तरच्या डिसेंबरात मुक्ताबाईंचा तमाशाचा फड कराडात उतरला. मुक्ताबाई म्हणजे आमच्या दोन्ही जिल्ह्यांतलं सगळ्यात ओळखीचं तोंड. पोस्टरवर, पानपट्टीच्या आरशाशेजारी, ट्रकच्या काचेवर, सगळीकडे तीच. नव्या वर्षाच्या अंकाचं शीर्षक रंगवून घ्यायला मी दुपारचा सोपानकडे बसलो होतो. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून त्याने कपाळाला फडकं बांधलं होतं. दारात टांगा थांबला आणि मुक्ताबाई एकट्याच आत आल्या. न मेकअप, न दागिने. चाळिशी ओलांडलेली, दमलेली बाई.

"तुमीच व्हय ते रणपिसे पेंटर? माणसाचं मरण काढणारं?"

"मी मरण काढत न्हाई, बाई."

"मग माझं तोंड काढा."

"मी सोडलंय ते."

त्या समोरच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या. "ईस वरीस लोकांनी हे तोंड बघितलंय. शिट्ट्या मारल्या, पागोटी उडवली. आत काय चाललंय ते कुणी सांगितलं न्हाई. दोन म्हयनं झालं माझ्या पोटात कळ मारतीया. डाक्टर म्हंतो काय न्हाई. तुमी बघा. खरं असंल ते काढा, मी भीत न्हाई."

सोपानने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको म्हणून की काढ म्हणून, ते आज मलाही सांगता येणार नाही. त्याने कागद घेतला, कोळसा घेतला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि डोळे मिटले.

एरवी हे पापणी लवण्याइतकं असायचं. त्या दिवशी त्याचे डोळे मिटलेलेच राहिले. बाहेर कुणीतरी मिरच्या कांडत होतं, तो मुसळाचा आवाज तेवढा येत होता. त्याने डोळे उघडले, पुन्हा पाहिलं, पुन्हा मिटले. कपाळावरचं फडकं घामाने ओलं झालं. हातातला कोळसा कागदावर टेकला होता तिथेच होता.

"काय दिसतंय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काय न्हाई."

"म्हंजी?"

"डोळं मिटलं की तुमी ऱ्हातच न्हाई," सोपान म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "नाक न्हाई, डोळं न्हाई. कायच मागं ऱ्हात न्हाई."

मुक्ताबाई पुढे सरकल्या. मग त्यांनी त्याच्या हातातला तो कोरा कागद घेतला, चार घड्या घातल्या, कनवटीला खोचला. "कळलं," एवढंच म्हणून त्या उठल्या. टांगा वळून गेला.

सोपान तिथेच आडवा झाला. मी घरी आलो. पुढचं मला सुलाबाईंनी सांगितलं. दिवस मावळताना त्या वखारीतून परत आल्या तर नवरा दारात बसलेला. त्याने वर पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "कोण पायजे, बाई? पेंटर आज काम घेत न्हाईत."

त्यांना वाटलं थट्टा. "सरका, पीठ भिजवायचंय," त्या म्हणाल्या. आवाज ऐकल्याबरोबर तो दचकून उठला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. बोलणं सुलाचं होतं आणि तोंड कुणाचं तरी होतं.

दोन दिवसांत आम्हाला सगळं कळलं. त्याला नजर होती. अक्षर वाचता यायचं, सुईत दोरा ओवता यायचा. नाक दिसायचं, डोळे दिसायचे, पण ते मिळून माणूस होत नव्हता. मी गेलो तर मी बोलेपर्यंत परका. न्हाव्याच्या दुकानात तर तो स्वतः शिरला, समोर आरशात एक माणूस खुर्चीच्या दिशेने येताना बघून बाजूला झाला आणि म्हणाला, "बसा तुमी, तुमी आधी आला." न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. ती गोष्ट तासाभरात गावभर झाली.

लोक म्हणाले, घेतलेली तोंडं परत गेली.

जानेवारीत मी आणि सुलाबाई त्याला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथले डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी दोन दिवस तपासलं. मेंदूच्या मागच्या भागातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली असावी, असं त्यांनी सांगितलं. आत उघडून बघता येत नाही, पण असे रोगी त्यांनी पूर्वी एक-दोन पाहिले होते. बाकी सगळं शाबूत राहतं आणि तोंडं तेवढी जातात. परत येतीलच असं नाही.

हा काय काम करतो, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी 'टेहळणी'चे अंक पुढे ठेवले. त्यांनी बिराप्पाचं चित्र पाहिलं आणि मग त्याच अंकातला बिराप्पाचा फोटो भिंग लावून पाहिला. "पापणी तेव्हाच सूतभर खाली आहे," ते म्हणाले. "स्नायू थकण्याचा आजार. तुम्हाला दिसली नाही. मलाही दिसली नसती." लालासाहेबांच्या फोटोत कॉलरच्या वर त्यांनी पेन्सिलीने एक ठिपका केला. "इथं सावली आहे बघा. तांदळाएवढी." मग सोपानकडे वळून म्हणाले, "तुम्ही कुणाचं काही केलं नाही. तुम्हाला आधी दिसलं, इतकंच."

सोपानच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी घाईने तिसरा अंक पुढे केला. डॉक्टरांनी नाथाजीबुवांचं चित्र पाहिलं. हे कसे गेले म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्यांनी तो अंक घडी करून माझ्या हातात दिला आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

निघताना एक गोष्ट घडली. अंक गोळा करताना बिराप्पाचं चित्र वर राहिलं होतं. सोपान म्हणाला, "बिराप्पा." मी दुसरं दाखवलं. "लालासाहेब." फोटो दाखवले तर एकही ओळखू येईना, पण त्याच माणसाचं वाकडं चित्र तो क्षणात ओळखत होता. सुलाबाई बघत होत्या. एसटीत बसल्यावर, इस्लामपूरच्या पुढे कुठेतरी, त्या म्हणाल्या, "मग माझं काढा."

"न्हाई."

"का?"

"आजवर काढलं न्हाई ते काय उगं? बुवाचं काय झालं, इसारलीस? डाक्टरबी गप बसला."

"रोज मला दारात हुबं करून कोण पायजे म्हंता तुमी," सुलाबाई म्हणाल्या. "त्याच्यापरीस वंगाळ काय व्हायचंय माझं?"

पंधरा दिवस त्याने टाळलं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सुलाबाई दाराच्या उजेडात पाट घेऊन बसल्या आणि उठेनात. आता डोळे मिटून काही उपयोग नव्हता. गवंडी भिंतीतला एकेक दगड बघतो तसा तो तोंडाचा एकेक तुकडा बघत गेला. भुवई, मग तिचा शेवट, मग कानाची पाळी. तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सुलाबाईंना कशाचं तरी हसू आलं आणि सवयीने त्यांनी पदर तोंडावर घेतला. सोपानने कोळसा खाली ठेवला.

"पदर काढ."

वरच्या ओळीतला एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता आणि त्यामुळे हसताना ओठ त्या जागी अडकायचा. लहानपणी बहिणी चिडवायच्या. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी नवऱ्यापुढे सुलाबाई पदराआडच हसल्या होत्या.

त्याने तेवढाच काढला. कागदभर तो दात, वर उचललेला ओठ, आणि मागे कुठेतरी लहानशी बाई. मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही. इतकं खरं चित्र त्याने आधी काढलं नव्हतं. त्याने ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. सकाळी उठला की आधी चित्र बघायचा, मग बायको.

आणि सुलाबाई वखारीतून आल्या की दारात थांबायच्या, पदर बाजूला करायच्या, ओठ वर उचलून दात दाखवायच्या. बोलायच्या नाहीत. सोपान बघायचा आणि म्हणायचा, "ये, सुला." मग त्या आत जायच्या. शेजारणींनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा लेकरं घरात घेऊन दारं लावली. तिन्हीसांजेला एक बाई आपल्याच दारात उभी राहून न बोलता दात दाखवते आहे, हे बघणं सोपं नव्हतं. मी स्वतः एकदा पाहिलं आणि अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून दार लागेपर्यंत बघत राहिलो.

अठ्ठ्याहत्तरच्या सुरुवातीला मुक्ताबाई परत आल्या. हातात पेढ्यांचा पुडा होता. मी खोलीत होतो. त्या सोपानपुढे उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा, मेले न्हाई."

"कोण आपण?" सोपानने विचारलं.

मुक्ताबाईंचा हात कमरेवरून खाली आला. मला वाटतं त्या बाईला आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या कोऱ्या कागदानंतर त्यांनी फड बहिणीला दिला होता, पायातले चाळ वाटून टाकले होते आणि वर्षभर म्हसवडजवळच्या मळ्यात मरणाची वाट बघत बसल्या होत्या. पोटातली कळ तिसऱ्याच महिन्यात थांबली होती, तरी त्या थांबूनच होत्या.

"म्हंजी त्या दिवशी पुसत चाललं व्हतं ते तुमचं," त्या सोपानला म्हणाल्या, "आन् मी माझं समजून बसले."

सोपानने हात जोडले. त्यांनी ते धरून खाली केले, पेढा त्याच्या तोंडात घातला. त्या सीझनला त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आता पूर्वीसारखं जमत नाही असं लोक म्हणत, पण त्या नाचत राहिल्या.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सुलाबाईंचा तो दात ठणकायला लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लवंग दाबून धरायच्या, भाकरी दुधात कुस्करून गिळायच्या. गाल सुजला तेव्हा सोपानच्या लक्षात आलं, कारण चित्राशी तोंड जुळेना. मी गेलो तर तो दाराकडे बोट करून उभा होता. "बघा, नानासो. मोठा काढला तिथंच. मोठा काढला तिथंच."

"दात दुखतो माणसाचा," मी म्हणालो. "काढून टाकू."

"न्हाई काढायचा," सुलाबाई सुजल्या तोंडाने म्हणाल्या. "दात गेला तर मी कुठं जाऊ?"

दोन दिवस त्या हटल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि सोपानने त्यांना हाताला धरून मिरजेला नेलं. मी बरोबर गेलो. दात निघाला. आत पू झाला होता, आणखी चार दिवस थांबला असता तर जिवावर बेतलं असतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोंडात कापूस भरून दिला. चार वाजेपर्यंत बोलायचं नाही.

परतीची एसटी गच्च होती. कराड स्टँडवर रेट्यात सुलाबाई आधी खाली उतरल्या, मी मागच्या बाकावर अडकलो. खिडकीतून मला दिसत होतं. सोपान एसटीच्या पायरीवर दांडी धरून उभा होता आणि खाली शंभर-दीडशे माणसं होती. तो एकेका बाईच्या तोंडाकडे बघत होता. बघायचा आणि पुढे जायचा, बघायचा आणि पुढे जायचा. सुलाबाई चार हातांवर उभ्या होत्या. त्याची नजर त्यांच्यावरून दोनदा गेली. आवाज नव्हता, दात नव्हता, लुगडं चारचौघींसारखं, गाल तर भलताच झालेला. त्या पुढे झाल्या आणि त्याचा हात धरला. त्याने झटकला.

"कोण बाई तू? माझी बायकू हाय हितं. सुला! ये सुला!"

तो स्टँडभर ऐकू जाईल असं ओरडत होता आणि ती त्याच्या पुढ्यात उभी होती. मी माणसं लोटत दाराशी पोचेपर्यंत सुलाबाईंनी तोंडातला कापूस ओढून फेकला. पदराची कड लाल झाली. "आवं," त्या म्हणाल्या, "मीच हाय."

तो पायरीवरच बसला. कंडक्टरने घंटी वाजवली तरी उठेना.

घरी गेल्यावर त्याने जुना कागद दारावरून काढला, दुसरा घेतला आणि त्यांना उजेडात बसवलं. त्या दिवशी त्याला तीन दिवस लागले नाहीत. दात होता तिथे एक काळी फट होती. त्याने ती फट काढली, दारासारखी उघडी, आणि सगळं तोंड तिच्या भोवती. "ही बेस हाय," तो मला म्हणाला. "आता गर्दीतबी चुकायचा न्हाई." सुलाबाई ताप असतानाही हसल्या. पदर घेतला नाही.

त्यानंतर सोपानने चित्र काढलं नाही. पाट्या रंगवत राहिला. हात इतका सुबक होता की साताऱ्याहून दुकानदार यायचे. आता ते त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचे, कारण भ्यायचं काही उरलं नव्हतं. त्याला ते कळत होतं. एकदा म्हणाला, "आता मला समदी तोंडं दावत्यात, नानासो, आन् एकबी घेता येत न्हाई."

'टेहळणी' बंद करायच्या आधी शेवटच्या अंकात मला सोपानवर लिहायचं होतं. सुलाबाईंची दोन्ही चित्रं छापायला द्या, म्हणून मी विचारायला गेलो. सोपानची ना नव्हती. सुलाबाईंनी चित्रं ठेवलेल्या ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या पेपरात आलेलं माणूस टिकत न्हाई." आणि चहा टाकायला चुलीपाशी गेल्या.